दुखलं तर डावा हात

नाही, म्हणजे तुम्हीच सांगा... नको, सांगू नका, आ तसाच ठेवा, मोठा, अजून मोठा, हां! तर मी काय म्हणत होतो, माणसानं आपली शनिवारची संध्याकाळ मोडायची, इस्त्रीचा शर्ट घालायचा, एका खोलीत जाऊन बसायचं, आपणच लिहिलेली कथा आपणच घसा कोरडा करून वाचायची, आणि मग तीन-चार लोक आपल्या तोंडावर तिची चिरफाड करणार आणि आपण काय करायचं? गप्प बसायचं! गप्प! मी! तुम्हाला सांगतो, मला आजवर कुणी गप्प बसवलेलं नाही. आईनं प्रयत्न केला, शाळेनं केला, सासऱ्यांनी तर लग्नाच्या बोलणीतच हात टेकले, म्हणाले, मुलगा चांगला आहे, फक्त तो श्वास कधी घेतो ते बघून ठेवा. आणि इथे? इथे नियमच! पुठ्ठ्यावर ठसठशीत अक्षरात लिहून भिंतीवर टांगलाय... लेखकानं बोलायचं नाही!

दुखतंय का? दुखलं तर डावा हात वर करायचा. उजवा नको, त्या बाजूला माझं यंत्र आहे. आणि बोलायचं नाही, जीभ मध्ये येते. भूल चढायला जरा वेळ लागेल, तोवर ऐका.

मी लिहितो. माहीत नव्हतं ना तुम्हाला? कसं असणार, तुम्ही कधी विचारलंच नाहीत! इथे कुणीच काही विचारत नाही हो. माणसं येतात, आ करतात, जातात. एवढी वर्षं मी या खुर्चीशेजारी उभा आहे, एवढ्या गोष्टी सांगितल्या, पण एकानं, एकानं तरी मला मध्ये तोडून म्हणावं, डॉक्टर, हे जरा पटलं नाही? नाही! सगळे आपले माझ्याशी सहमत. मग मला वाटलं, एवढे लोक सहमत आहेत तर हे छापूनच का येऊ नये? बसलो लिहायला. कथा लिहिली. एका घड्याळजीची. म्हणजे दातांचा डॉक्टर घेतला असता तर लोक म्हणाले असते स्वतःवरच लिहिलंय, म्हणून घड्याळजी. हुशार, मनमिळाऊ, गप्पिष्ट असा घड्याळजी. आणि त्याची बायको शेवटी मरते. तुम्हाला सांगतो, ती मेली तेव्हा मी स्वतः ढसाढसा रडलो. इथेच, त्या स्टुलावर. बाहेर दोन पेशंट बसले होते, ते रडणं ऐकून उठून गेले.

आता कथा लिहिली की पहिली कुणाला दाखवणार? बायकोलाच ना? आमची ही बाहेर काउंटरवर बसते, तुम्हाला आत तिनंच पाठवलं. मी कागद तिच्यापुढे ठेवले. तिनं त्यावर पेपरवेट ठेवला. म्हणाली, "अहो, मी वाचलं आणि चांगलं म्हटलं तर तुम्ही म्हणाल बायको आहे म्हणून म्हणते, आणि वाईट म्हटलं तर आठवडाभर मला समजावून सांगत बसाल ते चांगलं कसं आहे. आधी चार परक्या माणसांना दाखवा. त्यांनी पास केलं की मी वाचते." झालं! मला फक्त एवढंच हवं होतं हो, की हिनं वाचावं आणि म्हणावं, बरं लिहिलंय. बाकी जग गेलं खड्ड्यात. पण ही अडून बसली. मग काय, अडला हरी... जाऊ दे. नळी जरा धरा ओठात. हां.

मग आले विमावाले. विम्याच्या कचेरीत असतात, गोल चेहरा, मिशी. अक्कलदाढ आली होती आडवी, हाडात रुतून बसलेली. काढायला वेळ लागणार, माणूस खुर्चीत जखडलेला, म्हटलं, अनायासे कथा सांगून घेऊ. सगळी सांगितली. घड्याळजीची बायको मरते तिथे पोचलो आणि बघतो तर काय, विमावाल्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी! म्हटलं, काय रसिक माणूस आहे! जाताना गालाला बर्फ लावलेला, तोंडातून शब्द फुटत नाही, तरी त्यांनी खिशातून चिठोरं काढून त्यावर त्यांच्या लेखक मंडळाचा पत्ता लिहून दिला आणि माझा हात दाबला. घट्ट दाबला. मला वाटलं, कौतुकानं. आता कळतंय कशानं ते!

मंडळ भरतं वाचनालयाच्या वरच्या खोलीत. लांब टेबल, खिडकी लागत नाही, आणि टेबलाच्या टोकाला लेखकाची खुर्ची, तिचा एक पाय आखूड. म्हणजे लेखक मुळातच डळमळीत. प्रमुख कोण, तर शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, सगळे त्यांना बाई म्हणतात, आणि त्यांच्यापुढे टेबलावरची घंटी. दुसरे आमचे विमावाले, ते भयकथा लिहितात. आणि तिसरा एक कवी. त्याची कविता कुणी ऐकलेली नाही, पण दुसऱ्याचं ऐकून झालं की डोळे मिटतो आणि म्हणतो, "काहीतरी... कमी आहे." काय कमी आहे, विचारलं, तर म्हणतो, ते लेखकानं शोधायचं. अरे, मग तू कशाला आलास?

मी वाचली कथा. आवाज चढवून, उतरवून, जिथे थांबायला पाहिजे तिथे थांबून. कागद खाली ठेवले. आणि म्हटलं, "म्हणजे यात मला असं सांगायचं होतं की..." टिंग! बाईंनी घंटी मारली आणि फक्त बोट दाखवलं भिंतीकडे. लेखकानं बोलायचं नाही!

मग सुरू झाले. विमावाले म्हणाले, "हा घड्याळजी पहिल्या पानावर बोलायला लागतो तो थांबतच नाही. मला तर वाचकाची दया आली. वाचकाला वाटतं आपण कुठेतरी अडकलोय, तोंड उघडं आहे आणि सुटका नाही." बघा! बघा कसा दाढेचा सूड काढला! मी तोंड उघडलं. टिंग! कवी म्हणाला, काहीतरी कमी आहे. मी पुन्हा तोंड उघडलं. टिंग! आणि मग बाई, चष्मा काढून, अगदी शांतपणे, म्हणजे शाळेत हे लोक छडी काढण्याआधी जसे शांत होतात ना, तसं म्हणाल्या, "डॉक्टर, तुमची ही बायको शेवटी मरते, पण त्याआधी ती जिवंत कधी होती? सबंध कथेत ती एकच वाक्य बोलते. 'चहा ठेवू का?' एवढं म्हणते आणि मरते. चहासुद्धा होत नाही."

तुम्हाला सांगतो, दुखलं. खरंच दुखलं. बोलायची चोरी, मग करतो काय, माझा हात आपोआप वर गेला. डावा. सवय हो! आयुष्यभर दुसऱ्यांना सांगत आलोय, दुखलं तर डावा हात. पण तिथे कुणाला कळणार? बाई म्हणाल्या, "हात खाली. बाहेर जायचं असेल तर सगळं झाल्यावर." बाहेर जायचं असेल तर! मी काय इयत्ता तिसरीत आहे?

आता यंत्राचा आवाज येईल. मी बोलत असतो, तुम्ही आवाजाकडे लक्ष देऊ नका.

घरी आलो तो पाय आपटत. म्हटलं, यापुढे त्या मंडळाचं तोंड बघणार नाही! ही म्हणाली, "का? काय म्हणाले?" मी म्हटलं, "म्हणतात बायको काही बोलतच नाही! आता घड्याळजीच्या बायकोनं काय बोलावं, तिला काय एवढं बोलायचं असणार..." आणि ही नुसती बघत राहिली माझ्याकडे. मग उठली आणि म्हणाली, "चहा ठेवू का?"

मला घाम फुटला. खरंच सांगतो. मी रात्रभर... नाही, खोटं कशाला, झोपलो मी, पण सकाळी उठून कागद घेऊन बसलो आणि म्हटलं, हिची चार वाक्यं आठवू या, तीच घालू त्या बायकोच्या तोंडी. आणि आठवेना! हिच्याशी मी काय काय बोललो ते सगळं आठवतं, तारीखवार. ही काय म्हणाली? नाही आठवत. मग मी ठरवलं, अभ्यास करायचा. ही बोलेल ते ऐकायचं आणि टिपून घ्यायचं. आणि ती बोलायला हवी तर आपण काय करायचं? तोच पुठ्ठा! लेखकानं बोलायचं नाही! घरी नाही, दवाखान्यातही नाही, आठवडाभर हूं आणि अंहं, बस.

काय झालं असेल, सांगा पाहू? सांगू नका. पहिल्या दिवशी हिनं माझ्या कपाळाला हात लावून बघितला. दुसऱ्या दिवशी थर्मामीटर. मग माझ्या बहिणीला फोन, मी इकडून ऐकतोय, "वन्सं, यांचं काहीतरी बिनसलंय. नाही, भांडण नाही. ताप नाही. गप्प आहेत! हो, हेच! नाही, नंबर बरोबर लागलाय तुमचा!" आणि पेशंट? अहो, एकजण खुर्चीत बसला, मी न बोलता त्याच्या तोंडात डोकावलो, तर पांढराफटक पडला, म्हणाला, "डॉक्टर, एवढं वाईट आहे का? घरच्यांना बोलावू?"

आणि एके दिवशी जेवताना ही बोलायला लागली. आधी पाणी कमी दाबानं येतं यावर. मग दवाखान्याचा निळा पडदा तिला कधीच आवडला नव्हता यावर. मी गप्प. मग म्हणाली, "मला पोहायला शिकायचं होतं. तुम्हाला म्हटलं होतं मी." मी भुवया वर केल्या. "हो, म्हटलं होतं. तुम्ही म्हणालात, तलावाच्या पाण्यात क्लोरीन असतं, त्यानं दातांवरचं इनॅमल जातं. आणि मग तुम्ही इनॅमलवर बोललात. घरी येईपर्यंत." तुम्हाला सांगतो, जिभेच्या टोकावर आलं होतं माझ्या, की क्लोरीनचं प्रमाण नीट नसेल तर खरंच जातं, शास्त्र आहे ते! पण गिळलं. डावा हात उचलला थोडा टेबलाखाली, आणि गिळलं.

त्याच आठवड्यात एकदा मी असाच कुणाची तरी दाढ कोरत होतो, चिडीचूप, नुसतं यंत्र घूंऽऽ घूंऽऽ करतंय, आणि हिनं दार ढकललं. ती कधी आत येत नाही काम चालू असताना. दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, बोला ना काहीतरी." मला वाटलं, पेशंट घाबरलाय म्हणून म्हणतेय. मी अंहं म्हटलं, ती गेली. हे लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे. जरा इकडे मान... बास.

तर गेलो पुन्हा मंडळात. हो, गेलो! दुसरा खर्डा घेऊन! बायकोला आता वाक्यं होती, पाणी होतं, पडदा होता, पोहणं होतं. वाचलं. आणि काय सांगू, वाहवा! बाई म्हणाल्या, "ही बाई आता कथेतून उठून माझ्या शेजारी येऊन बसली." कवीनं डोळे उघडले! म्हणाला, "कमी नाही." मी खुर्चीत असा फुगलो, आखूड पायावरसुद्धा सरळ बसलो. आणि मग विमावाले घसा खाकरून म्हणाले, "फक्त तो नवरा काढून टाका." काय? "नाही, म्हणजे ती काही बोलायला गेली की हा मध्ये येतो. वाचकाला राग येतो." बाई म्हणाल्या, "अगदीच काढू नका, दार उघडायला वगैरे ठेवा." दार उघडायला! अहो, तो कथेचा नायक आहे! घड्याळांचा सगळा तपशील त्याच्याकडे आहे! लंबकावर माझी दोन पानं आहेत! टिंग! टिंग! लेखकानं बोलायचं नाही!

घरी येऊन हिला म्हटलं, पास झाली म्हणतात, पण नवरा नापास. मग आता तरी वाचशील? हिनं ऐकून घेतलं. जरा हसल्यासारखंही वाटलं मला. म्हणाली, "त्या बाई कोण आहेत हो? पुढच्या शनिवारी मी येऊ का?" मी म्हटलं, ये की! मला वाटलं, येईल, माझी बाजू मांडेल, सांगेल त्यांना की बाबांनो, नवरा असाच असतो आणि तो बरा असतो.

आली. पिशवीतून कागद काढले. आणि डळमळत्या खुर्चीवर जाऊन बसली!

मी बघतच राहिलो. मला काडीची कल्पना नव्हती. कधी लिहिलं, कुठे लिहिलं, बाहेर काउंटरवर बसून मला वाटायचं ही अपॉइंटमेंटा लिहितेय!

तिची कथा एका बाईची. ही बाई एका दवाखान्याच्या काउंटरवर बसते. आत नवरा दिवसभर बोलत असतो, दाराआडून. तिला शब्द ऐकू येत नाहीत, नुसता आवाज. नवे पेशंट विचारतात, "आत फार दुखतं का हो?" ती म्हणते, "ते बोलतात ना, ते यंत्राचा आवाज तुम्हाला ऐकू येऊ नये म्हणून बोलतात. बोलत असले की समजा सगळं ठीक आहे." हे तिनं सगळ्यांना सांगून सांगून तिचं तिलाच खरं वाटायला लागलेलं असतं. आणि मग एक आठवडा नवरा गप्प होतो. पहिल्या दिवशी तिला बरं वाटतं. डोकं हलकं होतं. दुसऱ्या दिवशीही. आणि मग तिला पहिल्यांदा ते यंत्र ऐकू येतं. घूंऽऽ... इतकी वर्षं ते भिंतीपलीकडेच होतं, पण तिला ते कधी ऐकूच आलं नव्हतं. तिच्या अंगावर काटा येतो. ती उठते, दार ढकलते आणि म्हणते, "अहो, बोला ना काहीतरी."

संपली कथा.

मी तुम्हाला सांगतो... थांबा, जरा चष्मा पुसतो. धूर येतो यंत्राचा. नाही, माझा हात धरून राहू नका, काही झालेलं नाही मला.

कवीचे डोळे उघडेच. विमावाल्यांच्या डोळ्यांतून पाणी, आणि या वेळी दाढ जागच्या जागी! मग बाई हळूच म्हणाल्या, "बोला, मंडळी." कवी म्हणाला, "नवरा जरा अतिशयोक्त नाही वाटत? माणूस इतकं बोलू शकतो?" विमावाले ताडकन उठले. म्हणाले, "शकतो! मी साक्षीला उभा राहीन!" आणि बाई काय म्हणाल्या असतील? म्हणाल्या, "नवरा या कथेचा जीव आहे. त्याचा एक शब्द कापू नका."

बघा, काय हा न्याय! तोच नवरा! माझ्या कथेत दार उघडायला ठेवा, आणि हिच्या कथेत शब्दही कापू नका! आता मात्र मला राहवेना. आणि मी म्हटलं, आज मी लेखक नाही! आज लेखिका ती, गप्प तिनं बसायचं, मला बोलायला मोकळं रान आहे, एवढ्या शनिवारांचं तुंबलेलं सगळं आज बाहेर काढतो! उभा राहिलो, श्वास घेतला, "या नवऱ्याबद्दल मला असं सांगायचंय की..."

टिंग!

बाईंनी माझ्याकडे बघितलं, हिच्याकडे बघितलं, चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि म्हणाल्या, "पात्रानंही बोलायचं नाही."

असा नियम नाही, हो! पुठ्ठ्यावर नाही! पण विमावाल्यांनी तिथल्या तिथे उठून पेननं खाली लिहिला तो. मी खाली बसलो. काय करणार? डावा हात वर केला. त्या सबंध खोलीत डाव्या हाताचा अर्थ एकाच माणसाला ठाऊक होता. तिनं लेखकाच्या खुर्चीवरून, एक अक्षर न बोलता, आपल्यापुढचा पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला.

घरी आल्यावर हिनं पेपरवेट उचलला आणि माझी कथा वाचली. सगळी. लंबकासकट. मी स्वयंपाकघराच्या दारात श्वास धरून उभा. कागद नीट जुळवले आणि म्हणाली, "बरं लिहिलंय." एवढंच! बास! मी म्हटलं, आता जग राहो नाहीतर जावो! तर पुढे म्हणाली, "पण शेवट बदला. मरायला मला वेळ नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी मी पोहायला जाते." मी तोंड उघडलं, क्लोरीन ओठांपर्यंत आलं... आणि मिटलं. शिकतो हो माणूस. मंडळाचे फायदे आहेत, नाही असं नाही.

झालं. हलकेच चावा. भरलेली दाढ उंच लागतेय? मान हलवून सांगा. नाही ना? छान. आता अर्धा ओठ अजून झोपलेला आहे, खाऊ नका, नाहीतर गालच चावून बसाल. काय म्हणताय? बोलू नका म्हटलं ना! आणि जरा हळू, दार उघडं आहे. वळून बघू नका, समोर आरशात बघा. ही मान खाली घालून लिहितेय ना? ती तुमची पुढची अपॉइंटमेंट नाही. नवी कथा घेतलीय तिनं, त्यात म्हणे एक पेशंट आहे, खुर्चीत अडकलेला, त्याला कधीचं काहीतरी सांगायचंय. कोण ते मी विचारलं नाही. तुम्ही आलात तेव्हा ती तुमच्याकडे जरा जास्तच वेळ बघत होती, एवढं फक्त मी पाहिलं. तेव्हा आता तुमचंही काही चालायचं नाही. घ्या, हात खाली घ्या... पात्रानंही बोलायचं नाही. चूळ भरा.